लांब बोटांचा मान

“सगळा धूर इकडंच. जेवण हिचं, न डोळे आमचे जळायचे.”

बाय हे स्वतःशीच पुटपुटत होती. पण आमच्या घरात स्वतःशी पुटपुटायची सोय नाही. एकाच घराचे दोन भाग, मध्ये कारवीचा कूड, शेणामातीनं सारवलेला. माझी चूल कुडाच्या अलीकडं, तिची पलीकडं. तिनं लसूण ठेचला की पाकळ्या किती ते मला इकडं बसून कळतं. मी फुंकणी उचलली आणि ओल्या लाकडावर अजून दोन फुंका मारल्या.

बाय म्हणजे माझी थोरली जाऊ, रंगू. बावीस वर्षं मी तिचा हेवा करत आलेय. आता सांगूनच टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते या हेव्यापायीच झालं.

सुरुवात उंचीपासून. आढ्याला टांगलेल्या शिंक्यावरचं दही ती उभ्या उभ्या काढायची. मला पाट लागायचा, आणि पाटावर चढून सुद्धा टाचा वर कराव्या लागायच्या. तिचा नवरा जयराम, म्हणजे माझा थोरला दीर, सहा फुटांच्या वर. बांधावरून चालत आला की भात कापणाऱ्या बाया कंबर धरून उभ्या राहायच्या. आणि माझ्या पदरात काय, तर बारकू. नाव ठेवणाऱ्यानं आधीच बघून ठेवलं असावं. तसा बारकू काही ठेंगू नाही, साडेपाच फूट असेल, पण त्या घरात तो चुकून आल्यासारखा दिसायचा. त्यात लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा. लग्नाच्या दिवशी अंतरपाट दूर झाला तेव्हा त्यानं माझ्या जागी माझ्या करवलीकडं बघितलं. सरळ दिसलंच नाही त्याला.

हे सगळं मी गिळलं असतं. गिळता आला नाही तो सोंगाचा मान.

आमच्या गावात वैशाखात बोहाडा होतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे लावून माणसं नाचत देवळापासून मांडवापर्यंत येतात. कुठलं सोंग कुठल्या घरानं उचलायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमच्या घराकडं रावण. दहा तोंडांचा, उंबराच्या लाकडाचा, दोन माणसांनी धरून खांद्यावर बसवावा लागतो इतका जड. तो उंच माणसालाच शोभतो, कारण बुटक्याच्या डोक्यावरचा रावण मागच्या रांगेला दिसत नाही. बोहाड्याच्या आधी पंच घरी येतात आणि घरातल्या बाईच्या पदरात नारळ घालतात. नारळ पदरात पडला की शब्द दिला. मग मागं फिरता येत नाही.

माझे सासरे चव्वेचाळिसाव्या वर्षी सोंगातच गेले. नाचून आले, खाली बसले, मुखवटा उतरवला तर आत माणूस नव्हता. गाव म्हणालं, देवानं नेला. दोन हजार एक साली जयराम तसाच गेला, मारुतीच्या देवळापुढं, छातीवर हात ठेवून. एक्केचाळीस वर्षांचा. गाव म्हणालं, बापासारखाच, देवानं निवडून नेला.

मला वाटलं, आता तरी बायला कुणी उंच म्हणणार नाही. वाईट आहे हे वाटणं, पण वाटलं. आणि झालं उलटंच. देवानं नेलेल्याची बायको म्हणून गाव तिला दर वैशाखात लुगडं द्यायला लागलं. दुसऱ्या विधवांना हळदीत मागं बसवतात, हिला पुढच्या चटईवर. मी सवाष्ण, नवरा धडधाकट, आणि मी मागच्या दारी टोप घासतेय. एका विधवेचा हेवा करणारी बाई गावात मी एकटीच असेन.

बारकूनं एक वर्ष सोंग उचलून बघितलं. दुसऱ्याच वळणावर चष्मा पडला, रावण वाकडा झाला, दहातली चार तोंडं चिंचेत अडकली. लोक अजून हसतात. त्यानंतर रावण जो टोपलीत गेला तो तिथंच. सगळ्यांचे डोळे बायच्या संदेशवर. पोरगा ताडमाड वाढत होता.

मग माझा साईनाथ पंधराव्या वर्षी उंचीला सुटला. एका पावसाळ्यात चार बोटं. दाराच्या चौकटीवर मी कोळशानं खुणा करायची आणि त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून सारवताना तेवढी जागा सोडायची. नाचणीची भाकरी, दूध, मिळेल तेव्हा मासळी, सगळं त्याच्या पानात. अठराव्या वर्षी सहा फूट दोन इंच. संदेशपेक्षा इंचभर जास्त. हात असे की परातीत पीठ मळायला बसवला तर परात लहान पडावी. बोटं तर सासऱ्यांचीच. मी ती बोटं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. बाय कुडापलीकडून म्हणायची, “बोटं लांब असली म्हंजी काय सोंग मिळता का?”

“नाय तर काय अक्कल बघून देतात?” मी इकडून.

दोन हजार सहाच्या जानेवारीत संदेश पोलीस भरतीला उतरला. धावण्यात पहिल्या दहात आला. उंची मोजणारा शिपाई म्हणे त्याच्याकडं मान वर करून बघत होता, हे बायनं मला तीनदा ऐकवलं. मग छाती तपासणारा डॉक्टर आला. त्यानं नळी लावली, काढली, परत लावली.

“घरात कुणी तरुणपणी गेलंय का?”

“आजोबा न बाबा,” संदेशनं छाती पुढं काढून सांगितलं. “दोघांना देवानं नेलं.”

डॉक्टरनं त्याच्याकडं बघितलं आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहून दिली. तिथला कागद आणल्याशिवाय निवड नाही.

आम्ही पाच जण गेलो. संदेश, बाय, सोबत म्हणून बारकू. मी गेले कारण बाय मुंबईला जाणार आणि मी घरी राहणार हे मला जमणारं नव्हतं. साईनाथला कॉलेजला सुट्टी होती, तो आला.

डॉक्टरीण तरुण होती, केस आखूड, बोलायला गोड. तिनं संदेशचा हात हातात घेतला, बोटं सरळ केली, अंगठा आत घालून मूठ मिटायला लावली आणि शिकाऊ पोरांना हाक मारली, “इकडं या, हे बघा.” चार-पाच जणं पांढरे कोट घालून गोळा झाली आणि आमच्या संदेशची बोटं बघायला लागली. बाय अशी ताठ झाली की मुळात उंच बाई अजून दोन बोटं वाढली. इथं मुंबईत सुद्धा हिचाच मान!

मला राहवलं नाही. मी साईनाथचं मनगट धरलं आणि सगळ्यांच्या मधून त्याचा हात पुढं ढकलला.

“आमच्याची पण बघा की. याची तर त्याच्यापेक्षा लांब हायेत.”

डॉक्टरीण हसली. “बघू बघू,” म्हणाली. “अंगठा आत घे, वरून मूठ मिट.”

साईनाथनं मूठ मिटली. अंगठ्याचं टोक मुठीच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं, अख्खं नख आणि वर थोडं. संदेशचं जेमतेम कडेला टेकलं होतं. मी बायकडं बघितलं. मग तिनं त्याला दुसऱ्या हातानं मनगट धरायला सांगितलं. अंगठा आणि करंगळी एकमेकांवर चढली, चांगली पेरभर. मी परत बायकडं बघितलं. बघ बाय, बघ.

परत वळले तर डॉक्टरीण हसायची थांबली होती.

“हे वडील का?” तिनं बारकूकडं बोट केलं. “चष्मा कधीपासून? काढा जरा.” तिनं बॅटरी घेऊन त्याच्या डोळ्यांत कितीतरी वेळ बघितलं.

मग तिनं कागदावर चौकोन आणि गोल काढले. सासऱ्यांचा एक चौकोन, जयरामचा एक, बारकूचा एक, खाली पोरांचे. दोन चौकोन पेननं काळे केले. कोण ते सांगायला नको. म्हणाली, अंगात सगळं बांधून धरणारा एक धागा असतो. काही घरांत तो जन्मापासून सैल असतो. हाडं लांब वाढतात, डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकतं आणि हृदयातून निघणारी मोठी नळी हळूहळू फुगत जाते. जड उचललं, फार नाचलं-धावलं, की एखाद्या दिवशी ती फाटते. “यांचे वडील आणि भाऊ बहुतेक यानंच गेले,” ती म्हणाली. मार्फान का काय ते नाव. बापाला असेल तर पोराला असायची निम्मी शक्यता.

“म्हंजी छापा-काटा,” बारकू म्हणाला. बोलणं कळलं की त्याला नेहमी असंच काहीतरी बोलायची सवय.

दोन्ही पोरांच्या छातीचा फोटो यंत्रावर काढला. दोघांचीही नळी थोडी रुंद. पण उंच माणसाची थोडी रुंद असतेच, त्यामुळे खात्री नाही. खात्री रक्तानंच होणार. रक्त परदेशी जाणार होतं, त्यांना अभ्यासासाठी हवं होतं म्हणून आम्हाला काही पडणार नव्हतं. दोन पोरं आणि बारकू, तिघांचं घेतलं. निदान तीन महिने. तोवर धावायचं नाही, ओझं उचलायचं नाही, नाचायचं नाही.

घरी आलो तर सासू, काशी, ओटीवर बसली होती. “काय बोलली डाक्टरीण?”

मी बायकडं बघितलं, बायनं बारकूकडं.

“रक्त घेतला,” बाय म्हणाली. “रिपोट यायचाय.”

एवढंच. ते दोन काळे चौकोन कुणी घरात आणलेच नाहीत. सासूच्या उशाशी सासऱ्यांचा फोटो, त्याला रोज हळदीकुंकू. देवानं नेलेला माणूस. ते बोलायचं म्हणजे त्या फोटोला हात घालायचा. जयरामचं जाणं नुसतं जाणं करून टाकायचं. आणि गावात कळलं तर दोन्ही पोरांना मुलगी कोण देणार? त्यामुळे गावाला सांगितलं, संदेशची भरतीची तपासणी चालू आहे. साईनाथचं तर नावच नाही.

वाट बघायचे दिवस कसे असतात ते मला तेव्हा कळलं. आम्ही दोघी एकमेकींच्या पोरांना तागडीत घालून बसलो होतो. पलीकडं संदेश खोकला की माझे कान उभे. सुका खोकला का ओला? रात्री जेवताना तो दम लागल्यासारखा पाणी पितो का? आणि खोकला की मला बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं. जणू रोग एकच आहे आणि तो कुणाच्यातरी दारात बसणारच, तर पलीकडच्या दारात बसू दे. डॉक्टरणीनं स्पष्ट सांगितलेलं की एकाला असला म्हणून दुसऱ्याला नसतो असं नाही, दोघांनाही असेल, दोघांनाही नसेल. ते डोक्यानं कळत होतं. पण आमच्या घरात प्रत्येक गोष्टीचे दोन वाटे करायची सवय. विहिरीचे दिवस वाटलेले, फणसाच्या फांद्या वाटलेल्या. हेही तसंच कुणाच्यातरी वाट्याला जाणार असं आम्ही धरून चाललो.

सासूची एकच कोंबडी अंडी घालत होती. अंडं संदेशला जायचं, कारण भरतीचं लचांड त्याचं. एक दिवस मी म्हटलं, “साईनाथचं पण रक्त गेलंय.”

“त्याला काय धाड भरलीय? तो तर घोडा हाय,” सासू म्हणाली.

साईनाथ घोडा आहे हे ऐकायला मी अठरा वर्षं झुरले होते. त्या दिवशी ते ऐकून मी उठून विहिरीवर गेले.

शिमग्याला होळीभोवती फिरताना मी डोळे मिटले आणि मागितलं. माझ्या पोराचं चांगलं येऊ दे, एवढ्यावर थांबले असते तर निदान तोंड दाखवायला जागा राहिली असती. मी पुढं पण काहीतरी म्हटलं. नाव घेतलं नाही, पण होळीला काय कळत नाही? डोळे उघडले तर समोर, ज्वाळेच्या पलीकडं, बायनं पण त्याच वेळी डोळे उघडले. आम्ही एकमेकींकडं बघितलं. तिनं काय मागितलं ते मला तिच्या तोंडावर दिसलं, जसं माझं तिला दिसलं असणार. मग ती वळसा घालून आली आणि होळीतल्या नारळाचा भाजका तुकडा माझ्या हातावर ठेवला.

“खा. गरम हाय.”

पुढं राब भाजायचे दिवस आले. रोपं करायची त्या जागेवर झाडांच्या डहाळ्या, पाला, शेण पसरून जाळायचं, म्हणजे जमीन तापते. डहाळ्यांचे भारे रानातून डोक्यावर आणावे लागतात. दर वर्षी पोरं आणायची. या वर्षी पोरं घरात, आणि आम्ही दोघी जावा भारे वाहतोय.

शेजारची गोदू बांधावर उभी राहून म्हणाली, “दोन दोन घोडे दावणीला न बाया भारे वाहतात! लोणची घालायचीत का पोरांची?”

“तुला फोड पाठवीन गो चाखायला,” बाय म्हणाली, आणि पुढं गेली. मला हसू आलं. ते तिला दिसू नये म्हणून मी भारा पुढं ओढला.

त्याच आठवड्यातल्या दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एका सकाळी संदेशला घरी बसून कंटाळा आला. तो रानाच्या वाटेनं आला आणि मोठा भारा, ऐनाच्या ओल्या डहाळ्यांचा, उचलून डोक्यावर घेतला. बाय तिथं नव्हती. मी होते. मी बघितलं आणि वाकून माझ्या भाऱ्याची गाठ परत परत बांधत राहिले, तो वळणाआड जाईपर्यंत.

दोन दिवसांनी साईनाथनं शेणखताची पाटी उचलली. मी वळेपर्यंत बाय धावत गेली आणि त्याच्या डोक्यावरची पाटी हिसकली. अर्धं खत तिच्याच अंगावर. “मेल्या, काय सांगितलाय तुला? आयशीच्या जिवाला घोर लावतोस?” आणि एक चापट.

मला काय वाटलं असेल? माझ्या पोरावर हात उचलायचा हक्क हिला कुणी दिला, हे वाटलं. पहिल्यांदा तेच वाटलं. दुसरं जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. रात्री गाठ बांधणारे माझे हात मला दिसत राहिले.

शिमगा गेला, पाडवा गेला. फोन यायचा होता मंगळूबाबाच्या दुकानात. मंगळूबाबा म्हणजे गावातलं एकुलतं दुकान आणि बोहाड्याचा मुख्य पंच. तो दर चार दिवसांनी विचारायचा, “काय गो, संदेशचा कागद आला का? वैशाख जवळ आला. रावण या साली उठलाच पायजे.”

अक्षय तृतीयेनंतर दोन दिवसांनी फोन आला. फोनवर सांगणार नाहीत, या म्हणाले.

डॉक्टरणीपुढं तीन कागद होते. तिनं पहिला उचलला. “संदेशला हा आजार नाही. सडपातळ पोरांच्या छातीत तसा आवाज कधी कधी येतो. तो भरतीला जाऊ शकतो.”

बायच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज फुटला आणि तिनं पदराचा बोळा तोंडात घातला. तेव्हाच मला कळलं की उरलेल्या दोन कागदांत काय आहे. वाटे झाले होते.

बारकूला होता, पण हलका, डोळ्यांपुरता जास्त. साईनाथला होता. डॉक्टरीण त्याच्याशीच बोलली, लहान पोराशी बोलतात तसं नाही, माणसाशी बोलतात तसं. रोज एक गोळी. वर्षातून दोनदा नळी मोजायची. फार फुगली तर ऑपरेशन, आणि ते वेळेवर झालं तर माणूस म्हातारा होतो. फक्त ओझं नाही, जोराचं नाचणं नाही. कधीच नाही.

साईनाथनं विचारलं, “उभं राहून थोडंसं सोंग घेतलं तर?”

“किती जड असतं?”

त्यानं हातानं दाखवलं. तिनं नुसती मान हलवली.

उठताना ती मला म्हणाली, “त्या दिवशी तुम्हीच याचा हात पुढं केलात ना? फार बरं केलंत. मी तर फक्त भावाला तपासत होते. हा तसाच घरी गेला असता.”

मी साईनाथचा कागद घडी करून पिशवीत घातला.

खर्डी स्टेशनावरून जीपनं येताना बाय बाहेर तोंड करून बसली. सगळी वाट तिनं मान वळवली नाही. तिचा आनंद मला दिसू नये म्हणून. मला तो तिच्या पाठीवर सुद्धा दिसत होता. दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, किती समजूतदार बाई. मी त्या पाठीचा पण हेवा केला. लपवायला आनंद होता तिच्यापाशी.

त्या संध्याकाळी मी चुलीत ओलीच लाकडं घातली. धूर कुडातून भरभरून पलीकडं गेला. बाय खोकली. पण एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. बावीस वर्षांत मला तिचं पुटपुटणं इतकं हवंसं कधी वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी, उन्हं कलल्यावर, पंच आले. मंगळूबाबा पुढं, मागं तिघं, एकाच्या हातात संबळ. सासूनं घाईघाईनं ओटीवर घोंगडी टाकली. रीतीप्रमाणं आधी बायला लुगडं दिलं, हिरवं, काठाचं. तिनं ते घेतलं आणि खांबाला टेकून उभी राहिली.

“संदेश चालला पोलिसात,” मंगळूबाबा म्हणाला. “चांगला झाला. गावाचं नाव. पण सोंग चार सालं टोपलीत हाय. आता दुसरा गडी उठवू. काय रे साईनाथ? आज्याच्या वर गेलास की!”

साईनाथ दारात उभा होता, चौकटीवरच्या माझ्या कोळशाच्या खुणांना खांदा लावून. गोळी चालू होऊन पाच दिवस झाले होते. पण अठरा वर्षांच्या पोराला पाच दिवसांत काय उमगणार? त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

“मी उचलतो,” तो म्हणाला. “हळूहळू नाचीन. आये, घे ना नारळ.”

सासूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. “माझ्या म्हाताऱ्याचंच रूप,” म्हणत ती फोटोकडं हात जोडत होती. बारकूनं चष्मा काढला आणि पुसत बसला. चष्मा काढला की त्याला काहीच दिसत नाही, म्हणून काढला.

मंगळूबाबा नारळ घेऊन माझ्यापुढं आला. माझ्यापुढं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बायपुढं नाही.

“पदर पसर गो, जने.”

माझी बोटं पदराच्या टोकाला गेली. मी नेली नाहीत, ती आपली गेली, इतकी वर्षं त्यांनी तेच मनात केलं होतं. नको म्हणायला कारण द्यावं लागतं. कारण दिलं तर सासूचा फोटो गेला, बायचं लुगडं गेलं, पुढच्या चटईवरची जागा गेली, पोराचं लग्न गेलं. न देता नको म्हटलं तर रावणाचा अपमान, आणि साईनाथ जाऊन दुसऱ्याच्या अंगणातून सोंग उचलून येईल, मला माहीत आहे तो. मी तोंड उघडलं. मला उगाच ऐनाच्या भाऱ्याची ती गाठ दिसली.

मी बायकडं बघितलं. तिनं बोलायचं काही कारण नव्हतं. तिचा पोरगा सुटला होता, सरकारी नोकरीला लागणार होता, नवं लुगडं हातात होतं. तिच्या जागी मी असते तर खांबाला टेकून उभीच राहिले असते.

बाय खांबापासून निघाली. मंगळूबाबाच्या नि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली, इतकी उंच की मला नारळ दिसेनासा झाला. तिनं हिरवं लुगडं त्याच्या हातावर, नारळाच्या वर, घडी न मोडता ठेवलं.

“काय गो रंगू? रंग नाय आवडला?”

“रंग चांगला हाय, बाबा. पण मना देऊ नका. माझ्या घरवाल्याला देवानं नाय नेला. रोगानं नेला. सासऱ्याला पण त्यानंच नेला. न तोच रोग या पोराच्या छातीत हाय.”